कट्ट्याखालचा घरजावई
बिल्ट-इन डिशवॉशर अडून बसला तर: बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्या नवशिक्यांसाठी

वाचायला घेण्याआधी सिंकखाली वाकून डिशवॉशरचा नळ उघडा आहे का ते बघा. बंद असेल तर सोडा, आणि ही मार्गदर्शिका घडी करून ठेवा. तुमचं काम झालं.

उघडाच असेल तर बसा निवांत.

सुटा डिशवॉशर हा जावई असतो, बिल्ट-इन हा घरजावई. त्याच्यासाठी कट्ट्याखालची दोन कपाटं काढलेली असतात, शेजारच्या फळ्यांना त्याला स्क्रूने बांधलेलं असतं, आणि बाकीच्या शटरना लावला तोच सनमायका त्याच्या दारालाही लावून त्याला घरातलाच एक करून टाकलेलं असतं. त्याचं मीठ वेगळं, साबण वेगळा, आंघोळीला पाणी पासष्ट-सत्तर अंशांचं. रुसला तरी बाहेर काढता येत नाही. वर काळा ग्रॅनाइट बसलेला आहे. तेव्हा समजूत काढायची ती आपणच.

कंपनीच्या पुस्तिकेत शेवटच्या पानांवर तक्रारींचं कोष्टक असतं. ते वाचा, पण त्यावर विसंबू नका. ते ज्या घरासाठी लिहिलंय त्या घरात नळाला दाब असतो, करंट जात नाही आणि फोडणीला मोहरी नसते. आमच्या भागात बिघाड बहुधा मशीनच्या आत नसतोच. तो भोवतीच्या चार फुटांत असतो, फार तर गच्चीवर.

“घर्र करतंय, पण पाणी घेईना झालंय”

इथून सुरुवात करा, कारण निम्मी भांडणं इथेच मिटतात. बेळगावच्या काही वॉर्डांत 2008 च्या सुमाराला चोवीस तास पाण्याची योजना सुरू झाली. तिथली माणसं पाण्याविषयी बोलताना अजूनही थोडी ताठ बसतात. बाकीच्यांच्या घरी राकसकोपचं किंवा हिडकलचं पाणी येतं ते वार बघून. आलं की तळटाकीत, तिथून मोटरने गच्चीवरच्या टाकीत, आणि तिथून स्वतःच्या वजनाने खाली. म्हणजे तुमचा डिशवॉशर धरणावर चालत नाही, गच्चीवर चालतो.

आता थोडं गणित. पाण्याची उंची एक मीटर वाढली की दाब साधारण 0.1 बार वाढतो. बहुतेक मशीनना निदान 0.3 ते 0.5 बार लागतो. म्हणजे टाकीतलं पाणी मशीनच्या नळापेक्षा तीन ते पाच मीटर वर हवं. वडगावात किंवा अनगोळात एकमजली घर असेल, स्लॅब दहा फुटांवर आणि त्यावर टाकी, तर हिशोब जेमतेम जुळतो. टाकी भरलेली असली तर भांडी धुतली जातात, अर्धी झाली की मशीन पाण्याच्या नळाचं चित्र लावून उभं राहतं. दुमजली घरात स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर, टाकीच्या अगदी पोटाखाली असेल, तरी तेच हाल. खालच्या भाडेकरूचा डिशवॉशर चालतो आणि मालकाचा चालत नाही, ही वेळ येते ती अशी. मालकांनी ह्यात अपमान मानू नये. टाकीखाली लोखंडी स्टँड करून घ्यावा, किंवा छोटा प्रेशर पंप बसवावा.

दाब आहे, तरी पाणी येत नाही? मग नळ बंद करा, पाणी येणारी नळी हाताने फिरवून सोडा, आणि तिच्या तोंडाशी बोटाच्या पेराएवढी जाळी दिसते ती चिमट्याने ओढून काढा. पावसाळ्यात पहिला गढूळ पूर आल्यावर ह्या जाळीवर तांबड्या मातीचा गिलावा बसतो. जुन्या टूथब्रशने धुवा, परत बसवा. टाकी शेवटची कधी धुतली, हा प्रश्न ह्या टप्प्यावर घरात विचारू नये.

“खालची धुतली, वरची तशीच”

आता खरा तपास. खालची जाळी बाहेर ओढा. मशीनच्या तळाला मधोमध पेल्याएवढा गाळणीचा दंडगोल आहे, तो डावीकडे फिरवून उचला. नाक थोडं लांब ठेवा. आत काय काय असतं ते एका बशीत काढून बघण्यासारखं आहे: भाताची शितं, कढीपत्त्याचे देठ, शेंगदाण्याची टरफलं, नारळाचा चव, चिंचेची एखादी बी, नव्या वाटीवरून सुटलेला किमतीचा कागद. ह्या सगळ्याला कांदा-लसूण मसाल्याच्या तेलाने एकत्र बांधलेलं असतं. नळाखाली धरून मऊ ब्रशने घासा. तारेची घासणी लावलीत तर जाळी फाटेल. हे काम आठवड्याला एकदा. नाही केलंत तर हाच काढा पुढच्या खेपेला सगळ्या पेल्यांवर फवारला जातो आणि वास कसला येतोय म्हणून घरभर शोध सुरू होतो.

मग फवाऱ्याचे हात बघा. ह्या हातांना बारीक भोकं असतात, आणि ज्याने ती पाडली त्याला आमची फोडणी ठाऊक नव्हती. मोहरीचा दाणा भोकात असा चपखल बसतो की मापाने करून आणलाय म्हणावं. गाळणी नीट फिरवून घट्ट केली नसेल तर दाणे तिच्या कडेने निसटतात, पंपातून वर चढतात आणि एकेका भोकाला बूच मारतात. हात काढा, उजेडाकडे धरा. जिथून उजेड येत नाही तिथे टूथपिक घाला. सेफ्टी पिनही चालते. सगळी भोकं मोकळी झाली की हात कानाजवळ धरून हलवा. आत खुळखुळ वाजत असेल तर अजून दाणे आहेत.

परत बसवल्यावर मशीन सुरू करण्याआधी दोन्ही हात बोटाने गरकन फिरवून बघा. अडले तर दोष झाऱ्याचा. झारा, उलथणं, लांब दांड्याचा डाव उभा ठेवला की टोक जाळीतून खाली उतरतं आणि फवारा त्यावर टक्-टक् आपटत बसतो. ते आडवे ठेवायचे, वरच्या खणात. वाटीत वाटी घालू नये. बाहेरची धुतली जाते आणि आतली नुसती ऐकत राहते. तांब्या पालथा घातला तरी अरुंद गळ्यातून फवारा आत पुरता पोचत नाही. तांब्याला हात घालूनच घासावा, हे मी मशीनच्या बाजूने असूनही सांगतो.

आणखी एक. कुंद्याच्या पातेल्याची खरवड मशीन काढत नाही. साबणातली एन्झाइम पिष्ट आणि प्रथिनं पचवतात, पण करपलेल्या दुधापुढे त्यांचं काही चालत नाही. पातेलं गरम पाण्यात भिजवा. त्याआधी घरातल्या पोरांना चमचा द्या.

“दारातून फेस आलाय”

साबण संपला म्हणून कुणीतरी भांडी घासायचं लिक्विड ओतलंय. कोणी ते विचारू नका, कळेलच. मशीन बंद करा, फेस पुसा, आत मूठभर मीठ टाका, पाणी काढून टाकायचा कार्यक्रम दोन-तीनदा चालवा.

“पाणी जाईना” किंवा “जातच राहिलंय”

नवीन मशीन पहिल्याच दिवशी पाणी सोडत नसेल तर सिंकखालच्या सांडपाण्याच्या पाइपला निघालेला प्लास्टिकचा फाटा तपासा. कारखान्यातून तो तोंडाशी बंद येतो. नळी चढवण्याआधी आतला पडदा कापायचा असतो. गडबडीत नळी तशीच चढवली जाते, क्लिप कसली जाते, चहा घेतला जातो. पंप बिचारा भिंतीवर पाणी मारत राहतो.

उलट तक्रार जुन्या घरांतली. सिंकला फाटा नाही म्हणून नळीचं तोंड मोरीत सोडलेलं, जमिनीला टेकवून. अशा वेळी मशीन भरता भरताच पाणी आपसूक ओढलं जाऊन मोरीत जातं. मशीन भरतं आहे, मोरी पिते आहे, टाकी रिकामी होते आहे. उपाय फुकटात: नळी वर उचलून कट्ट्याच्या खालच्या अंगाला वेलांटी देऊन बांधा, मग खाली न्या.

काहीच न करता नुसता पंप गुणगुणत असेल, तर तळाच्या थाळीत पाणी साठलंय आणि तिथल्या तरंगत्या स्विचने मशीन अडवून धरलंय. इथे शौर्य नको. नळ बंद, प्लग बाहेर, आणि माणूस बोलवा. प्लगवरून आठवलं: मशीनला स्वतःचा 16 अँपिअरचा पॉइंट आणि खरं अर्थिंग लागतं. पाणी तापवताना ते दोन हजार वॉटच्या आसपास खातं, म्हणून इन्व्हर्टरवर चालवू नका. मधेच करंट गेला तर दार उघडू नका. बहुतेक मशीन जिथे थांबलं तिथून पुढे चालू होतं.

“भांडी काळी झाली”, “भांडी पांढरी झाली”

काळी झाली ती ॲल्युमिनियमची. साबण अल्कलीयुक्त असतो, तो ॲल्युमिनियमला खातो. कुकर, डबे, जर्मनचं पातेलं आत घालू नका. कल्हईची भांडी नकोत, देवाची पितळेची निरांजनं नकोत, पोळपाट-लाटणं नको. भाकरीचा लोखंडी तवा तर मुळीच नको. वर्षानुवर्षं तेल पिऊन तो काळा झालेला असतो. एका फेरीत तांबडा होऊन बाहेर येतो, आणि ज्यांच्या माहेरचा तो तवा आहे त्या महिनाभर बोलत नाहीत.

पांढरी झाली ती बोअरच्या पाण्याने. काचेच्या पेल्यावर व्हिनेगरचा बोळा फिरवा. डाग गेला तर क्षार आहेत: मशीनमध्ये मीठ भरा आणि पाण्याच्या कठीणपणाची खूण वाढवा. मीठ म्हणजे डिशवॉशरचं मीठ. आमटीचं नको, त्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेली पूड असते. बोळा फिरवूनही डाग गेला नाही तर काच झिजली आहे. पेला पाहुण्यांसाठी न काढता रोजच्या वापराला घ्या.

प्लास्टिकचे डबे पिवळे राहिले तर हळदीशी भांडू नका, गच्चीवर उन्हात ठेवा. ते ओले राहिले तर तेही स्वाभाविक आहे. स्टील तापून स्वतःच्या उष्णतेने वाळतं, प्लास्टिक तेवढी उष्णता धरत नाही.

कस्टमर केअरला फोन

इतकं करूनही चालेना झालं तर फोन लावा. पहिला प्रश्न येईल: राज्य कोणतं? इथे भावनाविवश होऊ नका. सीमावादावरचा महाजन आयोगाचा अहवाल 1967 मध्ये आला, बेळगाववरचा महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. भांडी तोवर थांबणार नाहीत. पिनकोड सांगा. यादीत बेळगाव सापडलं नाही तर बेळगावी बघा.

निपाणीकरांनी थोडा जास्त धीर धरावा. कोल्हापूर तुम्हाला चाळीसेक किलोमीटर, बेळगाव जवळजवळ दुप्पट. पण पिनकोड 59 ने सुरू होतो, आणि संगणकाला कोगनोळीचा नाका ओलांडून 41 मध्ये जाता येत नाही. तेव्हा कोल्हापुरातला मेकॅनिक पाऊण तासावर मोकळा बसलेला असला तरी तुमची तक्रार तवंदी घाट पार करून बेळगावला जाते, आणि माणूस तोच घाट पार करून येतो. त्याला विचारा, “काय झालंय?” तो म्हणेल, “काय न्हाई, जाळी भरलीय की.”

वेळ ठरवताना 1 नोव्हेंबर टाळा. त्या दिवशी बेळगावात एका रस्त्यावर कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक असते, दुसऱ्यावर सीमाभागातल्या मराठी माणसांच्या काळ्या दिवसाची फेरी. हातात पेटी घेतलेला मेकॅनिक दोन्हींतून पलीकडे जाऊ शकत नाही.

मशीन बरं आहे, माणसं तयार नाहीत

हा बिघाड कोष्टकात नाही आणि सर्वांत जास्त आढळतो. लक्षणं: भांडी मशीनमध्ये जाण्याआधी घासली जातात, बाहेर आल्यावर पुन्हा विसळली जातात. रस्सा झालेलं पातेलं आणि नैवेद्याची वाटी एकाच पाण्यात कशी, यावर दुपारभर चर्चा होते. शेवटी मशीनचा उपयोग धुतलेली भांडी ठेवायला होतो.

जोसेफिन कॉक्रेन ह्या अमेरिकन बाईंनी 1886 मध्ये डिशवॉशरचं पेटंट घेतलं. भांडी घासून त्या दमल्या होत्या म्हणून नाही. घरच्या चिनी मातीच्या ताटांना नोकर टवके पाडतात, म्हणून. 1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांचं यंत्र चाललं, हॉटेलवाल्यांनी ते घेतलं, घरांनी मात्र फारसं नाही. एक कारण असं की घरातला बंब तेवढं गरम पाणी पुरवू शकत नव्हता. मशीन तेव्हाही ठणठणीत होतं, कमी पडलं ते घरच.

बाईंचा विश्वास नोकरांवर नव्हता, आमचा मशीनवर नाही. 2020 च्या टाळेबंदीत भांडीवाल्या मावशींचं येणं थांबलं, तेव्हा देशभर डिशवॉशरचा खप वाढला. मावशी परत आल्या आणि कट्ट्याखाली नवा गडी बघून म्हणाल्या, “वहिनी, ह्यो काय घासणार? आधी मी घासून देतो, मग ह्यात घाला.”

उपाय सांगतो. खरकटं फक्त केराच्या डब्यात निपटून टाकायचं, नळाखाली धरायचं नाही. मशीन एका फेरीला दहा-पंधरा लिटर पाणी घेतं; आधी विसळलीत तर तेवढंच पुन्हा मोरीत जातं, आणि टाकी किती उंचावर आहे तो हिशोब आपण वर केलेलाच आहे. मावशींना एकदा मशीन लावून दाखवा, शेवटी दार त्यांनाच उघडू द्या. ताटाच्या कडेवरून त्या अंगठा फिरवतील. कुर्र वाजलं तर काही बोलणार नाहीत, पण दुसऱ्या दिवशी वाटणी त्याच करतील: “ताटं-वाट्या ह्याला. कुकर, तवा, तांब्या मी बघतो.”

ही वाटणी लगेच मान्य करा. पगारातून एक रुपया कापायचा नाही, राकसकोपचं पाणी चार दिवस आलं नाही तर हाक मावशींनाच मारायची आहे, आणि त्या येतील तेव्हा विचारतील, “का? रुसला काय तुमचा?”