कचरा आलाय!

जुनी पेट्रोल गाडी सकाळी चालू झाली नाही, की तिच्याऐवजी एक माणूस चालू होतो. कर्जतजवळची दहिवली असो नाहीतर खोपोलीतली एखादी चाळ, सेल्फ दुसऱ्यांदा कण्हेपर्यंत तो बनियनवर, तोंडात ब्रश धरून हजर असतो. प्रत्येक आळीत त्याचं नाव वेगळं, आपण सोयीसाठी त्याला कचराकाका म्हणू, कारण त्याचं निदान एकच असतं: “कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय.” बॉनेट अजून उघडलेलंही नसतं. हे निदान गाडीपुरतंच राहत नाही. कर्जत लोकल उशिरा आली, सिग्नलमध्ये कचरा. नळाला पाणी बारीक आलं, लाइनमध्ये कचरा. कुणाच्या जावयाची नोकरी गेली, तर रसायनीच्या कंपनीत वरच्या पातळीवर कचरा. अशा माणसाला गाडीतलं काही कळत नाही, अशी सर्वांची तक्रार असते. मला ती मान्य नाही. त्याला पुष्कळ कळतं. फक्त त्याला गाडी चालू करायची नसते, चर्चा चालू ठेवायची असते.

पुरावा सरळ आहे. रात्रभर उभ्या राहिलेल्या थंड इंजिनाला नीट दाब, वेळेवर ठिणगी आणि नेहमीपेक्षा जास्त पेट्रोल लागतं. गार धातूवर पेट्रोलची वाफ नीट होत नाही, बरंचसं भिंतींनाच चिकटतं. म्हणून चोक ओढून हवा कमी करायची. एवढं करूनही गाडी उठली नाही, तर आधी एक प्लग खोलून बघावा. ओला निघाला तर पेट्रोल पोचतंय, दोष करंटचा: पॉईंट जळालेत, डेल्कोच्या (डिस्ट्रिब्युटरच्या) टोपीत ओल धरलीय, नाहीतर बॅटरी बसलीय. कोरडा निघाला तर पेट्रोलच येत नाही. प्लगचा पाना हाताशी असेल तर पाच मिनिटांत अर्धा प्रश्न सुटतो, आणि नेमकं म्हणूनच कचराकाका प्लगला हात लावत नाही. तो सांगतो, “रेस दे.” मालक पायाने पंप मारत राहतो, चोक तसाच ओढलेला, दोन मिनिटांत पेट्रोलचा भपकारा सुटतो आणि गाडी ओव्हर होते. वास्तविक आता चोक बंद करून, एक्सलेटर तळापर्यंत दाबून धरून सेल्फ मारायला हवा, म्हणजे हवा शिरून प्लग सुकतील. पण काका नाक वर करून म्हणतो, “बघ, कचऱ्यामुळे ओव्हर झाली.” आता चर्चेला तासाभराचं इंधन मिळालेलं असतं.

यावर कुणी म्हणेल, त्याच्या अनुभवाला काही किंमत आहे की नाही? आहे, पण अनुभव कशाचा तेही पाहावं. कर्जत-खालापूर भागातल्या या विद्वानांची शाळा म्हणजे बोरघाटाचा पायथा. १०८९ सीसीची फियाट घाट चढताना उकळायची, पंपात पेट्रोलची वाफ अडकायची, आणि ओलं फडकं गुंडाळून गाडी मार्गी लावणारा माणूस रस्त्यावरचा धन्वंतरी ठरायचा. ते सगळं शिक्षण तापलेल्या इंजिनाचं. पहाटे गारठलेल्या गाडीची नाडी वेगळी. त्यात २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि त्याच्याकडे येणारे बरेचसे रोगी वरच्या वर निघून गेले. शिवाय इंजेक्शनच्या मारुतीत कार्बोरेटरच नसतो. तिथे कूलंटचा सेन्सर बिघडून ‘इंजिन गरम आहे’ असं खोटं सांगतो, कॉम्प्युटर पेट्रोल कमी सोडतो आणि गाडी सकाळी रुसते. हे समजावलं, की काका क्षणभर विचार करून म्हणतो, “म्हणजे सेन्सरवर कचरा आलाय.”

दुसरा आक्षेप असा, की सरळ गॅरेज गाठावं. जरूर गाठावं. पण कार्बोरेटरच्या गाडीला स्कॅनर लावायला जागाच नसते. तिथेही शेवटी माणसाचा अंदाजच चालतो, फक्त तो बिलावर छापून येतो. काकाच्या अंदाजाची फी एक कप चहा, तीही साखर जास्त. आणि न्यायाने बोलायचं तर काळ त्याच्या बाजूने वळलाय. पेट्रोलमधल्या इथेनॉलचं प्रमाण २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेलं. इथेनॉल जुन्या टाकीतला साचलेला मळ सोडवतं, त्या काळच्या रबरी नळ्या खातं आणि हवेतली ओल ओढून घेतं. कर्जतच्या पावसाळ्यात ओलीला काय तोटा! शनिवार-रविवारपुरतं उघडणाऱ्या फार्महाऊसवरची जुनी गाडी आठवडाभर उभी राहते, कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं, खाली राळ धरते. म्हणजे काय येतं? लिहायला जिवावर येतं, पण कचराच येतो. चाळीस वर्षं चुकीचा असलेला सिद्धांत सरकारी धोरणाने खरा करून दाखवला.

शेवटी गाडी चालू होते ती धक्क्यानेच. यात कमीपणा मानायचं कारण नाही. कर्जत स्टेशनात पुण्याकडे जाणाऱ्या भल्याभल्या गाड्यांना मागून बँकर इंजिनं जोडून घाटावर ढकलण्याचीच रीत आहे. काका “सेकंडला टाक, क्लच सोड!” असं ओरडत सगळ्यात मागे असतो, आणि खांदा खरोखर लावणाऱ्या दोघांपैकी एक तो असतो. हे कबूल करायला मी इतका वेळ घेतला, कारण माणूस त्रासदायक आहेच. पण बंद पडलेल्या गाडीमुळे आळीतली चार घरं सकाळी सहाला रस्त्यावर येत होती, त्यात आजाऱ्याची चौकशी व्हायची, मोडलेलं बोलणं पुन्हा सुरू व्हायचं, आणि या बिनपगारी सभेचा निमंत्रक तो होता. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्या आल्या. त्या बिघडल्या की मालक काच वर करून कंपनीला फोन लावतो आणि टो-व्हॅन येईपर्यंत आत एकटा बसून राहतो. शेजारी काका उभा असतो, पण त्याला कुणी विचारत नाही. निदान आजही चुकतं, नाही असं नाही. फक्त आता त्यावर अठरा टक्के जीएसटी लागतो.