उपासाचे वकील

एकादशीला ऑफिसात कुणी वाढदिवसाचा केक पुढे केला आणि हात नकळत गेला, तर उपास मोडतो का? घरोघरी याचे वकील आहेत. चुकून खाल्लं तर चालतं, हे पहिलं कलम. ती चूक मग दुसऱ्या तुकड्यापर्यंत ताणता येते. कडक तपासणी फक्त खिचडीची. जिरं चालतं, मोहरी नाही, हळद तर नाहीच. बटाटा, मिरची, शेंगदाणा आणि ज्याच्या कंदापासून साबुदाणा होतो तो कसावा, चौघेही मूळचे अमेरिका खंडातले. कोलंबसाआधी इकडे कुणी पाहिलेही नव्हते. ते सोवळ्यात बसले, इथला तांदूळ मात्र बाहेर! पांडुरंगाची याला हरकत दिसत नाही. सासूबाईंची आहे, तीही कोथिंबिरीपुरतीच.