जर्मनीत बेकार राहून मालक कसे व्हावे

नोकरी गेल्यावर पहिली काळजी क्रियापदाची घ्यावी. नाशिकला आईशी फोनवर बोलताना ‘सोडली’ म्हणायचं आणि जर्मनीतल्या रोजगार कचेरीत ‘काढलं’ म्हणायचं. ह्यात अदलाबदल झाली तर तिकडे आईची रक्तदाबाची गोळी वाढते आणि इकडे तुमचा बेकारभत्ता बारा आठवडे बंद होतो. सबळ कारण नसताना आपणहून राजीनामा देणाऱ्याला ही शिक्षा आहे. तिला ‘श्पेर्त्साइट’ म्हणतात. मॅनेजरने कॉफी पाजून, खांद्यावर हात ठेवून पुढे सरकवलेला ‘परस्परसंमतीचा’ कागदही बऱ्याचदा ह्याच खड्ड्यात नेतो. तेव्हा कॉफी प्यावी, सही करू नये.

दुसरी गोष्ट लाजेची. भत्ता म्हटल्यावर आपल्या माणसाची मान खाली जाते. आजोबांनी कुणापुढे हात पसरला नाही वगैरे आठवतं. आजोबांच्या पगारातून बेकारीच्या विम्याचा हप्ता कापला जात नव्हता. तुमच्या कापला जातो. ढोबळ पगाराच्या 2.6 टक्के, अर्धा तुमचा आणि अर्धा मालकाचा. दोन वर्षं सलग हप्ते गेले असतील तर पन्नाशीच्या आतल्या माणसाला बारा महिने भत्ता मिळतो. निव्वळ पगाराच्या 60 टक्के, मूल असेल तर 67. म्हणजे घरातल्या कार्ट्याची सरकारदरबारी किंमत सात टक्के. दुसरं झालं तरी सातच.

नोकरी संपणार हे तीन महिने आधी कळलं असेल तर तेव्हाच, आणि उशिरा कळलं तर कळल्यापासून तीन दिवसांत, ‘मी नोकरी शोधतोय’ अशी वर्दी द्यायची. ती चुकली तर आठवड्याचा भत्ता गेला. आणि एकदा बेकार झालात की मनाला येईल तेव्हा गावाला जाता येत नाही. गणपतीला घरी जायचंय? कचेरीला विचारा. वर्षाला साधारण तीन आठवडे देतात. नोकरीत असताना बॉसकडे रजा मागत होतात, आता रिकामे बसण्यातून रजा मागायची.

आता मूळ विषय: धंदा. मी उदाहरणादाखल चकल्यांचा घेतो, कारण ह्या देशात आल्यावर आयटीतल्या निम्म्या मराठी माणसांना आपण फराळाचा उद्योग काढावा असं एकदा तरी वाटतं. उरलेल्या निम्म्यांच्या बायकांना वाटतं.

इथे पंधरा तासांचं शास्त्र समजून घ्यावं लागेल. आठवड्याला पंधरा तासांपेक्षा कमी काम करणारा माणूस कायद्याने बेकार असतो. पूर्ण पंधरा भरले की तो बेकार उरत नाही आणि भत्ता थांबतो. चौदा तास एकोणसाठ मिनिटं चकल्या पाडल्यात तर तुम्ही बिचारे. एक मिनिट जास्त सोऱ्या फिरवलात तर उद्योजक. मी हा हिशेब प्रामाणिकपणे ठेवायचा प्रयत्न केला. ऑक्टोबरात इथे ऊन नसतं, म्हणून भाजणीची धान्यं पंच्यांवर पसरून हीटरवर सुकत घातली होती. तांदूळ सुकतायत, चणाडाळ सुकतेय, मी शेजारी खुर्चीत बसून भाजलेल्या धण्यांचा वास घेतोय. हे कामाचे तास की बेकारीचे? वहीत मी ‘हीटर: 6 तास, मी: 20 मिनिटे’ असं लिहिलं. ही नोंद कुणी तपासली नाही ह्याचं मला अजून वाईट वाटतं.

तास मोजून झाले की पैसे मोजायचे. ह्या जोडधंद्यातून महिन्याला 165 युरोपर्यंतचा नफा तुमचा. त्यावरचा प्रत्येक युरो भत्त्यातून वजा. म्हणजे ठरावीक आकड्यानंतर तुम्ही चकल्या तळता त्या धर्मादाय.

ह्या धर्मादायाला कंटाळलेल्यांसाठी सरकारने दुसरी वाट ठेवली आहे. तिचं नाव ‘ग्रुंडुंग्सत्सुशुस’. हे नाव एका दमात उच्चारता आलं की निम्मी परीक्षा पास. पूर्णवेळ स्वतःचा धंदा काढणाऱ्या बेकाराला सहा महिने भत्त्याइतकीच रक्कम आणि वर विम्याबिम्यासाठी दरमहा 300 युरो. त्यापुढे धंदा खरंच चालू आहे असं दाखवलं तर आणखी नऊ महिने नुसते 300. ह्यावर करही नाही. पूर्वी ह्याच जागी 2003 ते 2006 ‘इश-आगे’ नावाची योजना होती. मराठीत ‘मी आणि कंपनी लिमिटेड’, फक्त कंपनी वगळून. जर्मन भाषाप्रेमींनी त्या शब्दाला 2002 सालचा सर्वांत वाईट शब्द म्हणून निवडलं. त्या साली योजना सुरूही झाली नव्हती. आपल्याकडे आधी योजना फसते, मग नाव बदलतं.

ग्रुंडुंग्सत्सुशुसची अट अशी की अनुदान सुरू होताना तुमच्या बेकारभत्त्याचे किमान 150 दिवस शिल्लक हवेत. बारा महिन्यांचे 360 दिवस धरतात, म्हणजे विचार करायला 210 दिवस. धंदा काढावा की नाही, ह्यावर मराठी घरात 210 दिवसांत एकमत झाल्याचं माझ्या पाहण्यात नाही. सासऱ्यांना उशिरा विचारा.

पण खरी गंमत अर्जात आहे. हे अनुदान 2011 च्या अखेरीपासून हक्काचं राहिलेलं नाही; द्यायचं की नाही ते कचेरीच्या मर्जीवर. आणि कचेरीचं पहिलं कर्तव्य तुम्हाला नोकरी लावून देणं. त्यामुळे टेबलाच्या ह्या बाजूला बसून दोन गोष्टी एकाच चेहऱ्याने पटवाव्या लागतात. एक, मला आता कुणीही नोकरी देणार नाही. दोन, मी इतका कर्तबगार आहे की वर्षभरात माझ्या धंद्यावर घर चालेल. पहिली पटली नाही तर साहेब म्हणतात, ‘अहो, तुमच्यासारख्या इंजिनियरला मागणी आहे,’ आणि चार जाहिराती छापून देतात. दुसरी पटली नाही तर अर्ज नामंजूर. आपल्याकडे स्थळ बघताना वधुपिता जे करतो, मुलगी गुणाची आहे पण अजून कुठे जमलं नाही, तेच इथे स्वतःबद्दल करायचं. कर्तेपणाचा डाव्या डोळ्यात थोडा अंश ठेवावा, उजवा ओलसर असू द्यावा.

ह्याशिवाय व्यापारी मंडळासारख्या जाणत्या संस्थेचा दाखला लागतो की धंदा ‘ट्राग्फेइश’ आहे, म्हणजे भार पेलणारा. त्यासाठी धंद्याचा आराखडा लिहायचा. माझ्या आराखड्यावर समोरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, ‘चकली म्हणजे ब्रेत्सेल का?’ मी म्हटलं, साधारण, पण वाटोळी, काटेरी आणि कुरकुरीत. त्यांनी ‘स्पर्धक’ ह्या रकान्यावर बोट ठेवलं. मी काय लिहिणार? पलीकडच्या उपनगरातल्या एक काकू दर दिवाळीला अख्ख्या मराठी मंडळाला चकल्या फुकट वाटतात. बाजारात शून्य भावाने माल ओतणारी अशी स्पर्धक जर्मन अर्थशास्त्राने पाहिली नसावी. मी ‘प्रस्थापित, वृद्ध, निवृत्तीची चिन्हे नाहीत’ असं लिहिलं.

खाण्याचा धंदा असल्यामुळे आरोग्य खात्याकडे जाऊन स्वच्छतेची शिकवणी घ्यावी लागते. काम सुरू करताना तो दाखला तीन महिन्यांहून जुना चालत नाही. धंद्याची नोंदणी स्वस्त आणि झटपट होते, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. मात्र ब्लू कार्डावर असाल तर आधी परदेशी नागरिकांच्या कचेरीकडून स्वतंत्र धंद्याची परवानगी घ्या. ते कार्ड नोकरीसाठी आहे, सोऱ्यासाठी नाही. कायम वास्तव्याचा परवाना असेल तर हा परिच्छेद पोराला वाचायला द्या.

आणि एक कराच. अर्ज धंदा सुरू करण्याआधी कचेरीत पोचवा, नंतर नको. उत्साहाच्या भरात शेजारच्या पाटलांना दिलेल्या पहिल्या अर्ध्या किलोच्या बिलावर तारीख असते.