पुठ्ठ्याची जहागीर

सुपारी हनुमानाला हात जोडून गुलमंडीत लग्नाचा बस्ता बांधावयास जावे, हा छत्रपती संभाजीनगरचा जुना शिरस्ता. परंतु चाळिशी ओलांडलेले काही सद्गृहस्थ, कुटुंब शालूच्या पोतात गुंतले असता, हळूच रद्दीवाल्याकडे डब्ल्यूडब्ल्यूएफच्या मल्लांचे पत्ते आहेत काय, अशी पृच्छा करतात.

नव्वदच्या दशकात छाती, दंड आणि वजन यांचे आकडे पुकारून ज्यांनी मित्रांची मिळकत जप्त केली, त्यांच्या दरबारी आंद्रे द जायंट अथवा योकोझुना हाती असणे म्हणजे वजनाच्या दाव्यात सुनावणीपूर्वीच हुकूमनामा मिळणे होते. आंद्रेच्या निधनानंतर, 1993 साली, डब्ल्यूडब्ल्यूएफ कंपनीने हॉल ऑफ फेम निर्माण करून पहिला मान त्यास दिला. आमच्या गल्लीने त्यास तत्पूर्वीच अमर केले होते, आणि तेही विनासमारंभ.

अमेरिकेत मिकी मँटल या बेसबॉलपटूचा 1952 चा पत्ता 2022 साली 1 कोटी 26 लाख डॉलरांस विकला गेला. तेथे पत्त्याचे चारी कोपरे भिंगाखाली तपासून, दहापैकी गुण देऊन, तो प्लास्टिकच्या पेटीत आजन्म कैद करतात. आमचे पत्ते मात्र चड्डीच्या खिशात घामाने भिजले, रबराने आवळले गेले आणि मास्तरांच्या टेबलाच्या खणात मुद्देमाल म्हणून जमा झाले.

तेव्हा माळ्यावरची ट्रंक खुशाल उघडावी. बस्त्याचा खर्च मात्र त्यातून निघणार नाही.