ढगांसकट

आंतिग्वा ग्वातेमाला या गावात दक्षिण दिशा कुणाला विचारावी लागत नाही. स्पॅनिश राज्यकर्त्यांनी १५४३ साली पांचोयच्या खोऱ्यात सरळ आडवे-उभे रस्ते आखून ही तेव्हाची राजधानी वसवली. त्यातला कुठलाही उभा रस्ता धरा, त्याच्या दक्षिण टोकाला आग्वा ज्वालामुखी असतोच. उंची ३,७६० मीटर आणि दोन्ही उतार सारखे. बालवाडीतल्या मुलाने चित्रकलेच्या वहीत काढावा तसा डोंगर. पश्चिमेकडे आकातेनांगो आणि फुएगो ही जोडी आहे. त्यातला फुएगो थोड्या थोड्या वेळाने धुराचा भपकारा सोडून आपण जागे असल्याचं कळवत राहतो.

गावात स्पॅनिश शिकवणाऱ्या शाळा पुष्कळ. त्यातल्या एकीत नाव घालून मी तिथे राहिले, एक अख्खा कोरडा हंगाम आणि एक अख्खा पावसाळा. क्रियापदं किती पाठ झाली ते विचारू नका. फोटो मात्र ढीगभर निघाले.

पहिला फोटो सगळ्यांचा ठरलेला असतो: सांता कातालिनाची पिवळी कमान आणि तिच्या पोटात बरोबर मधोमध आग्वा. मठातल्या नन्सना रस्ता ओलांडताना कुणी पाहू नये म्हणून सतराव्या शतकाच्या अखेरीस ही कमान बांधली. आज साऱ्या गावात तिच्याइतकं रोखून कुणाकडेच कुणी बघत नसेल. पंधरावा वाढदिवस साजरा करणाऱ्या घेरदार झग्यातल्या मुली, नवी लग्नाची जोडपी, पाठीवर बोचकी घेतलेली गोरी पोरं, सगळे त्या दगडी रस्त्यावर मधोमध. प्रत्येकाला रिकामी कमान हवी असते आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या रिकाम्या कमानीत उभा असतो.

नोव्हेंबर लागला की वारा सुटतो आणि आकाश धुऊन वाळत घातल्यासारखं लख्ख होतं. एक नोव्हेंबरला जवळच्या सुम्पांगो आणि सांतियागो साकातेपेकेस या गावांत मृतांची आठवण म्हणून कागदाचे घराएवढाले पतंग उभे करतात. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे सरकत सरकत आकातेनांगो-फुएगोच्या अंगावर मावळायला येतो आणि गच्चीवरच्या सगळ्या माना एकाच बाजूला वळतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये जाकारांदा फुलतो. म्हणजे आपला पुण्यातला नीलमोहरच; पण पुण्यात त्याच्या मागे सोसायटीची टाकी येते, इथे ज्वालामुखी येतो. पाठोपाठ उपवासाचा काळ, जांभळे झगे घातलेल्या पुरुषांच्या मिरवणुका आणि रस्त्यावर रंगीत लाकडी भुश्याचे गालिचे. रात्रभर गुडघ्यावर बसून घातलेला गालिचा मिरवणूक सकाळी तुडवून पुढे जाते. रांगोळीवाल्या देशातून आलेल्या बाईला याचं दुःख होत नाही, फक्त कुणी चप्पल काढत नाही हे खटकतं.

गंमत अशी की गर्दी सर्वांत जास्त असते त्या मार्च-एप्रिलमध्येच आग्वा रुसून बसतो. पाऊस नाही, ढग नाही, तरी डोंगर गायब. शेतं जाळतात, रानं पेटतात, आणि त्या धुरकट पडद्यामागे ३,७६० मीटरचा ऐवज विरघळून जातो. हॉटेलवाले ‘ज्वालामुखीचा देखावा’ असलेल्या खोलीचे पैसे तेव्हाही घेतात.

मग मे महिन्यात पाऊस येतो आणि ऑक्टोबरपर्यंत मुक्काम करतो. सकाळी सहाला डोंगर इतका स्वच्छ की माथ्यावरचे रेडिओचे मनोरे मोजावेत. मात्र पॅसिफिकवरून येणारी दमट हवा उतार चढू लागते, वर जाऊन थंडावते आणि दुपारच्या आत डोंगराच्या डोक्यावर टोपी बसते. जेवणाच्या वेळेपर्यंत टोपीची कानटोपी होते, आणि नंतर डोंगरच नाही. घरमालकीणबाई सकाळी कॉफी ओतता ओतता खिडकीतून बघायच्या आणि ‘आज निघालाय’ म्हणायच्या, शेजारचे आजोबा फिरायला निघावेत इतक्या सहज. मी तशीच पायात सपाता सरकवून गच्चीवर.

पण फोटोवाल्यांचा हा सुट्टीचा हंगाम डोंगराचा कामाचा असतो. लिखित इतिहासात आग्वाच्या उद्रेकाची नोंद नाही. तरी त्याने एक राजधानी गिळली आहे. ही गोष्ट सध्याच्या आंतिग्वाच्या आधीची, पायथ्याच्या आल्मोलोंगातल्या शहराची. सप्टेंबर १५४१. गव्हर्नर पेद्रो दे आल्वारादो मेक्सिकोत मेल्याची बातमी आलेली. त्याच्या विधवेने, दोन्या बेआत्रिसने, शोकात वाडा काळा रंगवून घेतला, असं बखरकार सांगतात. तिलाच गव्हर्नर नेमलं. सही करताना तिने नाव खोडून नुसतं ‘अभागी’ एवढंच ठेवलं. दोन दिवसांनी, सतत कोसळणाऱ्या पावसाने डोंगरावरून चिखल, दगड आणि झाडं खाली आणली. वाड्यातल्या प्रार्थनाघरात आसऱ्याला गेलेली बेआत्रिस तिथेच गेली. लाव्हा नाही, राख नाही, नुसता पाऊस. डोंगराला ‘आग्वा’, म्हणजे ‘पाणी’, हे नाव पडलं ते या रात्रीपायी.

फुएगोचं वेगळं. ३ जून २०१८ रोजी, तोही पावसाळ्याच्या तोंडाशी, त्याच्या उतारावरून तापलेली राख आणि वायू यांचा लोंढा सुटला आणि सान मिगेल लोस लोतेस ही वस्ती गाडली गेली. शेकडो माणसं गेली. गच्चीवरच्या उपाहारगृहात रंगीत पेल्यासोबत फुएगोचा लाल ठिपका टिपणाऱ्यांना दोष द्यायचा नाही मला, मीही टिपलाय. पण प्रत्येक भपकाऱ्याला टाळ्या पडतात तेव्हा जेवण वाढणारा पोरगा टाळ्या वाजवत नाही, हे मी पाहिलं आहे.

या डोंगराच्या फोटोवाल्यांत माझा लाडका आहे एडवर्ड मायब्रिज. पुढे घोड्याच्या चारही टापा एकाच वेळी हवेत असतात हे दाखवून जगप्रसिद्ध झालेला तोच. बायकोच्या प्रियकराला गोळी घालून, खटल्यातून सुटून, १८७५ मध्ये एका आगबोट कंपनीच्या कामावर तो मध्य अमेरिकेत आला आणि आंतिग्वातही कॅमेरा घेऊन फिरला. तेव्हाच्या ओल्या काचेला निळा प्रकाश फार लवकर लागायचा. डोंगर नीट उमटेपर्यंत आकाश पांढरंफटक व्हायचं. म्हणून हा गृहस्थ ढगांच्या वेगळ्या काचा बाळगून असे आणि छापताना हवे ते ढग हव्या त्या आकाशात बसवत असे. बिचारा उसने ढग लावत होता आणि आज कमानीखाली पोरं बोटाने फोनवरचे ढग पुसतात.

दुसरा कोहेई यासू. जपानमधला. १८७४ मध्ये शुक्राचं अधिक्रमण बघायला मेक्सिकोचे खगोलशास्त्रज्ञ जपानला गेले होते, त्यांच्याबरोबर हा मेक्सिकोला आला, तिथून ग्वातेमालात, आणि हुआन होसे दे हेसुस यास होऊन आंतिग्वात स्टुडिओ थाटून बसला. फुजी ३,७७६ मीटर, आग्वा ३,७६०. घरच्या डोंगरापेक्षा फक्त सोळा मीटर कमी असलेला डोंगर दारात असताना या माणसाने मुख्यतः पाद्र्यांचे आणि गावकऱ्यांचे चेहरे टिपले. मला हा शहाणपणा वाटतो. पाद्री निदान बसवलं तर बसून राहतो.

माझी पंचाईत मात्र उलटी झाली. सह्याद्री सगळा लाव्ह्याचाच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, पण आमच्या पिढ्यांनी त्याच्यावर उभं राहून काय पाहिलं? महाबळेश्वरला आर्थर सीटवर जायचं, समोर दरीऐवजी पांढरा पडदा, त्याच्याकडे पाठ करून फोटो काढायचा आणि ‘काय मस्त धुकं होतं’ म्हणत परतायचं. त्यामुळे सप्टेंबरातल्या एका दुपारी, उत्तरेच्या सेर्रो दे ला क्रूस टेकडीवर, क्रुसामागे गाव नाही, आग्वा नाही, काहीच नाही असं असताना बाकीचे पर्यटक वाटाड्याशी पैशांवरून वाद घालत होते आणि मी एकटी खुशीत होते. अर्धा तास तो शुभ्र काहीनाहीपणा टिपला आणि वहिनीला पाठवला. तिचं लगेच उत्तर: ‘अगं, थेट लोणावळा! कणीस मिळतं का तिथे?’

मिळतं. ला मेर्सेद चर्चसमोर निखाऱ्यावर भाजून, लिंबाची फोड मिठात बुडवून वर चोळून देतात. आणि का मिळू नये? मका मूळचा मेक्सिकोकडच्या याच मुलखातला. लोणावळ्याला तो पाहुणा. मी कणीसवालीला तिखटही मागितलं. तिने एक बाटली पुढे केली, मी ती उलटी केली, आणि पुढची काही मिनिटं माझं फुएगोशी चांगलंच जमलं.