वेबसाइटवाले सर होण्याचा राजमार्ग

या पदाची जाहिरात कधी निघत नाही, त्यामुळे अर्ज करण्याच्या भानगडीत पडू नये. तालुक्याच्या गावातल्या एखाद्या अनुदानित महाविद्यालयात आधी चिकटावे. मग ऑफिसच्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद चार जणांदेखत, न फाडता, बाहेर काढावा आणि वाट पाहावी. पुढच्या स्टाफ मीटिंगमध्ये प्राचार्य विचारतील, "सर, तुम्हाला कॉम्प्युटरमधलं कळतं ना?" आपण सभ्य माणसे; "थोडंफार" म्हणतो. झाली नेमणूक. तुम्ही वनस्पतिशास्त्र शिकवता की मराठी, हे कोणी पाहत नाही. मानधनाचा विषय त्या दिवशी वेळेअभावी राहतो आणि नंतर काढणे बरे दिसत नाही.

जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये जगातली पहिली वेबसाइट लोकांसाठी खुली केली. वेब म्हणजे काय आणि ते वापरायचे कसे, एवढेच तीत लिहिलेले होते. एकाही पदाधिकाऱ्याचा फोटो नव्हता. ही उणीव आपल्याकडे भरून निघाली. मुखपृष्ठावर फिरता स्लायडर हवाच. त्यात आधी संस्थापक (कै.), मग अध्यक्ष, कार्याध्यक्ष, सचिव, आणि जागा उरलीच तर महाविद्यालयाची इमारत. मूळ फोटो लग्नाचे शूटिंग करणाऱ्याने काढलेले, प्रत्येकी ८ एमबीचे असतात. ते लहान करून टाकता येतात, पण "साहेबांचा फोटो बारीक का केला?" या प्रश्नाला आजवर कोणाला समाधानकारक उत्तर सापडलेले नाही. तेव्हा आहेत तसे चढवावेत. परीक्षेचे वेळापत्रक शोधणारी मुलगी एसटी स्टँडवर मोबाइल धरून उभी असते आणि अध्यक्ष कपाळापासून सुरुवात करून सावकाश खाली उतरत येतात. मिशीपर्यंत पोचेतो तिची गाडी लागते.

मजकूर मात्र तुमच्याकडे श्रीलिपीच्या जुन्या फॉण्टमध्ये येईल. तो वेबसाइटवर चिकटवला की 'प्रवेश सुरू' ऐवजी इंग्रजी अक्षरे, कंस आणि अनोळखी चिन्हे उमटतात, कारण असे फॉण्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवून काम भागवत. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. देवनागरीला तो १९९१ मध्येच, पहिल्या आवृत्तीत मिळाला. आपल्या आवक-जावक टेबलापर्यंत ही वार्ता अजून पोचायची आहे. हे समजावत बसू नये. हेडक्लार्क नोटीस छापतील, शिक्का मारतील, तिरकी स्कॅन करतील आणि पीडीएफ पाठवतील, ती चढवावी. गूगलला त्यातले शब्द सापडले तर नशीब. अंध विद्यार्थ्याच्या स्क्रीन रीडरला तर तिथे नुसते चित्र आहे एवढेच कळते. याबद्दल तक्रार येत नाही, कारण तक्रार कुठे करावी ते त्याच पीडीएफमध्ये असते.

बदल केला तरी साहेबांना जुनेच पान दिसेल. अशा वेळी शांतपणे "कॅशे असेल, सर" म्हणावे. हे खरेही असते. ब्राउझर आधीची प्रत जपून ठेवतो आणि कंट्रोल दाबून एफ-फाइव्ह मारले की सहसा नवी आणतो. खरे नसेल तेव्हाही हेच म्हणावे.

महाविद्यालयाचे नॅक मूल्यांकन जवळ आले की तुमचा भाव वधारतो. एरवी पाहून न पाहिल्यासारखे करणारे विभागप्रमुख चहा घेऊन येतात. वार्षिक गुणवत्ता अहवाल, समित्यांची इतिवृत्ते, जिओटॅग केलेले फोटो, सगळे एका रात्रीत चढवायचे असते. फोटोंवरच्या अक्षांश-रेखांशांमुळे एक फायदा झाला. दरवर्षीचे वृक्षारोपण त्याच खड्ड्यात होते, हे आता पुराव्यानिशी सिद्ध करता येते.

खरी परीक्षा डोमेनची. वेबसाइटचा पत्ता कोणी विकत घेत नाही, भाड्याने घेतो, आणि एका वेळी फार तर १० वर्षांसाठी. तो कोणाच्या नावावर आहे, हे पहिल्याच दिवशी पाहावे. बहुधा तत्कालीन अध्यक्षांच्या पुतण्याच्या. तेव्हा तो पुण्यात इंजिनिअरिंगला होता, आता टोरांटोत आहे. नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या ज्या ईमेलवर जातात तो त्याने कॉलेज सुटल्यापासून उघडलेला नाही. मुदत संपली आणि नंतरची सवलतीची मुदतही टळली, की पत्ता कोणीही उचलू शकतो. मग संस्थापकांच्या जागी ऑनलाइन रमी अवतरते आणि संस्थेचा उल्लेख प्रथमच जिल्हा आवृत्तीत पहिल्या पानावर येतो. म्हणून पुतण्याला गोडीगुलाबीने गाठावे, त्याच्याकडे रात्र नसेल अशा वेळी फोन करावा आणि पत्ता संस्थेच्या नावावर करून घ्यावा. खजिनदार विचारतील, "दहा वर्षांचं भाडं आत्ताच कशाला?" त्यांच्याशी वाद घालू नये. या खर्चाला खातेवहीत शीर्ष नसते; 'फर्निचर दुरुस्ती'त तो बिनबोभाट जिरतो.

पत्त्यासमोरच्या कुलपाचे, म्हणजे प्रमाणपत्राचेही तसेच. लेट्स एन्क्रिप्टचे प्रमाणपत्र फुकट मिळते, ९० दिवस चालते आणि आपोआप नवे होण्याची सोय लावता येते. ती लावून मोकळे व्हावे. २०२९ पासून कोणत्याही प्रमाणपत्राची कमाल मुदत ४७ दिवसांवर येणार आहे आणि कार्यकारिणीची बैठक तीन महिन्यांतून एकदा होते, कोरम असला तर.

बढती नाही. मात्र निवृत्तीनंतरही मोबाइल नंबर बदलू नये, कारण लॉगिनला एव्हाना तुमचाच जोडलेला असतो. निरोप समारंभात शाल-श्रीफळ घेताना कोणालाच हे आठवत नाही. प्रवेशाच्या हंगामात रात्री साडेनऊला आठवते. नवीन क्लार्कचा फोन येतो, "सर, सहा आकडे आले असतील बघा. लवकर सांगा, दहा मिनिटांत जातात."