सिनेमा किती एकर?

हैदराबादेत राहण्याचे दोन त्रास. एक उन्हाळा, दुसरा रामोजी. उन्हाळा जूनमध्ये आटोपतो. रामोजी बारमाही.

नांदेड-परभणीकडचा पाहुणा देवगिरी एक्स्प्रेसमधून उतरतो तो खिशात यादी घेऊनच: चारमिनार, मोती, सालारजंगमधलं घड्याळ, बिर्याणी, रामोजी. पहिल्या चार गोष्टी तो एका दिवसात उरकतो. पाचवीसाठी मला रजा काढावी लागते. गेल्या महिन्यात ताई, भाऊजी आणि भाचा आले. भाऊजी तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. रामोजी फिल्म सिटी १९९६ साली उभी राहिली, तिचा पसारा १६६६ एकर आणि त्याची गिनीज बुकात नोंद आहे, हे ऐकल्यावर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"सोळाशे सहासष्ट! बागायत की कोरडवाहू?"

"भाऊजी, तिथे सिनेमे पिकतात."

"म्हणजे बागायतच की."

भाच्याचं माप वेगळं. तो पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत आहे. त्याला एकर कळत नाहीत, कोटी कळतात. 'बाहुबली'चा दुसरा भाग २०१७ साली आला आणि हजार कोटींचा गल्ला गाठणारा पहिला भारतीय सिनेमा ठरला, हे त्याला पाठ. हिंदीत किती, तेलुगूत किती, अमेरिकेत किती, सगळं पाठ. मी विचारलं, "पण सिनेमा कसा वाटला रे?"

"मामा, सांगितलं ना. हजार कोटी."

झालं रसग्रहण.

पूर्वी सिनेमा बघून आलेला माणूस शेवट सांगून आपला विरस करायचा. आता तो ताळेबंद सांगतो. घरच्या दुधाचा हिशेब ज्याला महिनाअखेर लागत नाही, तो शुक्रवार-शनिवारची वसुली पाढ्यासारखी म्हणून दाखवतो. निर्मात्याच्या नफ्यात ह्याचा आणा नाही, वितरकाच्या तोट्याचं ह्याला सुतक नाही, तरी सोमवारी गल्ला घसरला की ह्याचा चेहरा उतरतो. 'बाहुबली'च्या पहिल्या भागाचं एक पोस्टर २०१५ साली कोचीत अंथरलं होतं. पन्नास हजार चौरस फुटांहून मोठं. त्याचीही गिनीजमध्ये नोंद. पोस्टरवर चित्र काय होतं, ते भाच्याला सांगता आलं नाही. चौरस फूट मात्र त्यानं बरोबर सांगितले.

गंमत अशी, की ह्या मोजणीची टिंगल त्या सिनेमानं स्वतःच करून ठेवली आहे. राजा भल्लालदेवाचा अवाढव्य सोन्याचा पुतळा उभा होतोय. दोरखंड ओढणारी माणसं थकतात, पुतळा कलतो, आणि गर्दीतला एक जण तो दोर पेलून धरतो. त्याचा चेहरा ओळखून लोक दुसऱ्याच नावाचा गजर करतात आणि त्या गजराच्या बळावर पुतळा वर चढतो. राजा बघत राहतो: पुतळा माझा, नाव दुसऱ्याचं! माणूस फुटांत मोजायचा नसतो, हे ह्याहून झकास कुणी पडद्यावर मांडायचं? आणि आपण थिएटरातून बाहेर पडताना काय विचारलं? पुतळा किती फुटी होता?

त्याच सिनेमातल्या कट्टप्पाचंही तेच. त्यानं बाहुबलीला का मारलं, म्हणून देशानं दोन वर्षं डोकं खाजवलं. दुसऱ्या भागात उत्तर मिळालं आणि देश झोपी गेला. कट्टप्पाची खरी गोम 'का मारलं' ही नव्हतीच. ज्याला अंगाखांद्यावर खेळवलं त्याच्यावर वार कर, असा हुकूम आल्यावर एवढ्या बलाढ्य माणसाला 'नाही' का म्हणता आलं नाही, ही होती. पूर्वजांनी सिंहासनाला दिलेला शब्द त्याच्या तलवारीपेक्षा जड. हे पात्र कोड्यासाठी नव्हतं, धसका घेण्यासाठी होतं. आपण ते कोडं म्हणून सोडवलं आणि पेपर जमा केला.

तर मी अट घातली. "रामोजीला नेतो. पण आज रात्री घरी एक सिनेमा बघायचा."

"किती कोटींचा?" भाचा.

"अंकुर."

"म्हणजे शेतीवरचा?" भाऊजी खुलले.

'अंकुर' काढणाऱ्या श्याम बेनेगलांचं नाव पाहुण्यांच्या यादीत कधीच नसतं. हा माणूस इथला. १९३४ साली सिकंदराबादेतल्या तिरुमलगिरीत जन्मला, घरात कोंकणी, वडील फोटोग्राफर. वडिलांच्याच कॅमेऱ्यावर बाराव्या वर्षी पहिली फिल्म काढली. निजाम कॉलेजात अर्थशास्त्र शिकता शिकता हैदराबाद फिल्म सोसायटी काढली. मग मुंबईला जाऊन शेकडो जाहिरातपट केले. 'अंकुर'ची गोष्ट तरुणपणीच सुचलेली. तिला पैसे मिळायला दहा-बारा वर्षं गेली. १९७४ साली सिनेमा आला. चित्रीकरण कुठे? सेटवर नाही. हैदराबादजवळच्या येल्लारेड्डीगुडा नावाच्या गावात, खऱ्या घरांत, खऱ्या उन्हात. कॅमेरा गोविंद निहलानींचा.

दहा मिनिटांतच भाऊजी हसायला लागले. "ही बाई मेहमूदसारखं काय बोलते हो?"

बरोबरच आहे त्यांचं. १९६५च्या 'गुमनाम'मध्ये मेहमूदनं हैदराबादी ढंगात बोलणारा खानसामा रंगवला आणि हिंदी सिनेमानं ठरवून टाकलं, की दखनी म्हणजे विनोद. 'हौ' म्हटलं की टाळी, 'नक्को' म्हटलं की हशा. मी भाऊजींना म्हटलं, "भाऊजी, तो 'नक्को' आपल्याच घरचा. तुमच्या-माझ्या 'नको'ला दखनीनं एक 'क' जास्त दिला, इतकंच. हसायचंच तर जरा जपून, माहेर आपलं आहे."

बेनेगलांनी केलं काय, तर चेष्टेची म्हणून बाजूला टाकलेली ही बोली नायिकेच्या, लक्ष्मीच्या तोंडी दिली आणि तिला हसू दिलं नाही. 'बाहुबली'तल्या कालकेय टोळीसाठी मदन कार्की यांनी किलिकी नावाची आख्खी नवी भाषा रचली, व्याकरणासकट. डोकं लढवलं, मान्य. पण त्याच टोळीच्या अंगाला काजळ फासून ठेवलं. काळा म्हणजे रानटी, हे कळायला कुठली भाषा शिकावी लागते? ते आपल्याला लग्नाच्या जाहिरातींनी आधीच शिकवलेलं असतं. इकडे बेनेगलांना भाषा बनवावी लागली नाही. गल्लीतली उचलली आणि तिच्याकडे कान दिला.

ताई आतापर्यंत गप्प होती. तिला एकर येत नाहीत, कोटी येत नाहीत. ती शेंगा सोलत बघत होती. जमीनदाराचा शिकलेला पोरगा सूर्या बापाच्या हुकमानं शेतावर येऊन राहतो. कामाला येणाऱ्या लक्ष्मीला तो सांगतो, चहा तूच कर, स्वयंपाकही तूच कर, आपण जातपात मानत नाही. भाचा म्हणाला, "प्रोग्रेसिव्ह आहे."

ताई म्हणाली, "प्रोग्रेसिव्ह कसला? सोय बघतोय. जात मोडायची असती तर हा उठून तिच्या झोपडीत चहाला गेला असता."

मी पाहतच राहिलो. समीक्षक जे चार पानांत लिहितात ते हिनं चार शेंगांत उरकलं. सिनेमाभर ते घर आणि ती झोपडी जवळजवळ असतात, आणि तेवढं अंतर कुणीच धड ओलांडत नाही. लक्ष्मीनं ओलांडलं तर ती कामवाली. सूर्यानं ओलांडलं तर तो उदार. आशय म्हणतात तो हाच, आणि दृश्यशैली म्हणतात तीही हीच: दोन दारं आणि मधलं अंगण. त्याला क्रेन लागत नाही.

मग सूर्याची बायको सरू नांदायला येते. ताई ओरडली, "अगंबाई, ही तर रजनी!"

रजनीच. प्रिया तेंडुलकर. विजय तेंडुलकरांची लेक. १९८५ साली दूरदर्शनवर देशभरच्या दुकानदारांना नि बाबूंना दटावणारी. अकरा वर्षं आधी ती इथे आहे, आणि हिची पहिली नजर जाते ती स्वयंपाकघराकडे. हे पात्र दुष्ट नाही, हीच त्यातली खुबी. नवऱ्याचं पाप तिला दिसतं आणि ती शिक्षा लक्ष्मीला देते, कारण शिक्षा देण्याएवढी सत्ता तिच्याकडे फक्त लक्ष्मीवरच आहे. भाऊजींनी खुर्चीतल्या खुर्चीत कूस बदलली. ताईनं त्यांच्याकडे पाहिलं नाही, मुद्दाम.

लक्ष्मीला दिवस जातात. सूर्याला मूल नकोय. आणि इथे ती नकार देते. हातात ना शेत, ना घर, ना नवरा. तो कधीचा परागंदा. सिंहासनाला बांधलेला कट्टप्पा जे म्हणू शकला नाही ते शेतावरची मोलकरीण म्हणते, आणि म्हणते ती दखनीत. भाऊजी आता हसले नाहीत. लक्ष्मी झालेल्या शबाना आझमींना ह्या पहिल्याच सिनेमासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, मुका-बहिरा नवरा झालेल्या साधू मेहेरांनाही मिळाला. पण भाच्याला पुरस्कारांची यादी वाचून दाखवायची इच्छाच होईना. तो फोन उलटा ठेवून बघत होता. त्याच्या पिढीत हा उभं राहून टाळ्या देण्याचा प्रकार आहे.

शेवटी सूर्या परत आलेल्या त्या निरपराध नवऱ्याला चाबकानं फोडून काढतो, लक्ष्मी त्याला तळतळाट देते, आणि कुठलंसं एक पोर सूर्याच्या खिडकीवर दगड मारून पळून जातं. पडदा लाल होतो. संपलं.

"दुसरा भाग कधी?" भाच्यानं विचारलं. सवय.

"आला की पुढच्याच वर्षी. 'निशांत', १९७५. तिथे एक दगड पुरत नाही, सगळं गाव उठतं. पटकथा तेंडुलकरांची. त्यानंतर 'मंथन', तेंडुलकर तिथेही. मग 'भूमिका', आपल्या हंसा वाडकरांच्या आत्मकथनावरून, आणि त्यात स्मिता पाटील. इथल्या एका कोंकणी माणसानं मराठीतली इतकी माणसं गोळा केली, आणि आपण हैदराबादेत येऊन मोती घेऊन जातो."

"तरी पण मामा, एक तरी आकडा..."

"घे. 'मंथन'चे निर्माते पाच लाख. गुजरातचे दूधवाले शेतकरी. प्रत्येकी दोन रुपये."

"दहा लाख," भाऊजी अंधारातून म्हणाले. तहसील कचेरी कधी निवृत्त होत नाही.

दुसऱ्या दिवशी रामोजी. लाल बस, टोप्या, 'बाहुबली'तल्या माहिष्मतीच्या सेटपुढे फोटोची रांग. मी ह्या जागेला नाकं मुरडणार नाही. ही नगरी रचण्यात ज्यांचं डोकं होतं ते कलादिग्दर्शक नितीश रॉय. बेनेगलांच्या १९८३च्या 'मंडी'तला कोठा त्यांनीच उभा केला आणि त्याबद्दल राष्ट्रीय पुरस्कार घेतला. तोच हात. 'मंडी'तल्या भिंतींना बायकांच्या भांडणांचा, उसन्या रुबाबाचा, शिळ्या अत्तराचा वास येतो, कारण त्या भिंतींत कोण राहतं हे आधी ठरलं होतं. इथल्या भिंतींना भाडेकरू बदलत जातात. इमारत पुढून विमानतळ, बाजूनं भलतंच काही. त्यात भिंतीचा दोष नाही. कुणाला ठेवायचं हे ठरवणाऱ्याचा आहे, आणि फक्त भिंतीची लांबी विचारणाऱ्याचा.

भाचा अशाच एका दर्शनी भिंतीपाशी थांबला. बराच वेळ. मग खिडकीवर बोटानं टकटक केली.

"मामा, ह्या खिडकीला काचच नाही."

"सेट आहे रे."

"तेच म्हणतोय. इथे दगड मारला तर आवाजसुद्धा येणार नाही."

मी मागे वळलो, हे भाऊजींना ऐकवावं म्हणून. भाऊजी पुढच्या बसच्या रांगेत शिरले होते आणि ताईला लांबूनच हाका मारत होते, "चल लवकर, अजून बाराशे एकर राहिलेत!"

ताईनं रांगेकडे पाहिलं, झाडाखालच्या बाकाकडे पाहिलं, आणि बाकावर बसकण मारत म्हणाली, "नक्को."